पंपाच्या खोलीमागचा चोथा

८ मार्च, रविवार

आज घरात एक यंत्र आलं. पांढरं, पोट सुटलेलं, एका तोंडातून रस आणि दुसऱ्यातून चोथा टाकणारं. आमचा मुलगा गौरेश हरमलला पाहुण्यांना खोल्या देतो, तिथे एक गोरी बाई तीन महिने राहिली आणि जाताना ते मागे ठेवून गेली. तीन महिने ती म्हणे नुसत्या रसावर जगली. मी तिला एकदा पाहिलं होतं, आणि तिला बघून मला तरी रस प्यावासा वाटला नव्हता. पण आमच्या मुलाला काही टाकून देववत नाही आणि त्याच्या बापाला फुकटची वस्तू देवानंच धाडली असं वाटतं. त्यामुळे यंत्र आमच्या मेजावर येऊन बसलं.

बाप म्हणजे आमचे सुपरवायझर. नाव सगुण, पण ह्या वहीत मी त्यांना हुद्द्यानंच लिहिते, कारण हुद्दा गेला तरी त्यांनी तो सोडलेला नाही. डिचोलीकडच्या एका खाणीवर, माल धुण्याच्या प्लांटवर ते तीस वर्षं होते. शनिवारी संध्याकाळी कोरगावला यायचे, सोमवारी उजाडायच्या आत जायचे. इथे शाळा, मूल, सासू, माडा-पोफळींचं कुळागर सगळं मी हाकलं. खाण बंद झाली आणि शनिवारचा पाहुणा सातही दिवसांचा झाला. आता ते माझ्या स्वयंपाकघरावर देखरेख करतात. तांदूळ किती वेळ भिजले, विळी कुठे ठेवली, नळ कोणी ठिबकता सोडला, सगळी नोंद त्यांच्याकडे असते.

गेल्या गुरुवारी पंचायतीत तपासणीचं शिबिर झालं. त्यात ह्यांची साखर वाढलेली निघाली. गोळी इतक्यात नको, खाण्यावर लक्ष ठेवा, तीन महिन्यांनी या, एवढंच सांगितलं. पण सुपरवायझरांचा चेहरा असा पडला, जसा काही पाय तिथेच कापून ठेवला. त्यांच्या थोरल्या भावाचा, दत्तारामदादांचा, पाय साखरेनं गुडघ्यापर्यंत गेला होता. चंद्रावती वयनीनं चार वर्षं त्यांचं सगळं अंथरुणात केलं. मी रिक्षातच सांगून टाकलं, "वयनीन दादाचा केल्यान तसा मी तुमचा करूचंय नाय, आत्ताच सांगान ठेवतंय." गंमत केली. रिक्षावालासुद्धा हसला. सुपरवायझर नाही हसले. विनोद कळावा लागतो, आणि तो प्लांटवर धुऊन मिळत नसावा.

११ मार्च

यंत्र चालू झालं. एक किलो गाजरं, दोन बीट, अर्धा दुधी. भरडा दळतात तसा आवाज. निघाला एक कोप, म्हणजे पेलाभर रस. चौघांच्या घराला दोन दिवस पुरेल एवढी भाजी सुपरवायझरांनी तीन घोटांत संपवली, आणि अकरा वाजता भूक लागली म्हणून पोदेराकडच्या, पावाच्या भट्टीतल्या, दोन पोळ्या चहात बुडवून खाल्ल्या.

वर मला शिकवलं. माती धुतली की लोखंड खाली उरतं आणि बाकीचं डंपवर जातं. भाजीचंही तसंच, सत्त्व तेवढं रसात येतं आणि चोथा म्हणजे रिजेक्शन. "माल वर, रिजेक्शन भायर," असं म्हणून त्यांनी तो चोथा बादलीत भरला आणि माडाच्या मुळाशी नेऊन ओतला. तीस वर्षं मातीत काढलेल्या माणसाला गाजरसुद्धा खाणीसारखं दिसतं, त्याला मी काय करू?

१२ मार्च

सून मैदानात उतरली. सुविधा तुयेच्या औषधांच्या कंपनीत तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे, त्यामुळे तिच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण असतं. ती म्हणाली, बाबा, नुसता रस नको. रसात गोड तेवढं येतं आणि धागा चोथ्यात जातो. धागा नसला की साखर सरळ रक्तात जाते. त्यापेक्षा अख्खं फळ घुसळून प्या. मग तिनं स्वतःचं ब्लेंडर आणून पालक, काकडी आणि केळं सालीसकट नव्हे पण बाकी सगळ्यासकट फिरवलं. तो कोप बघून मला आमच्या मागच्या तळीची आठवण झाली.

सुपरवायझरांनी आपलं माल-रिजेक्शनचं पुराण पुन्हा लावलं. तेव्हा ती भांडी पुसता पुसता इतकंच बोलली, "बाबा, तुमचा रिजेक्शन मागीर बोटी भरून चीनाक गेला मां?"

हे खरं आहे. ज्या डंपांवर तीस वर्षं कोणी थुंकलं नाही, तेच पुढे परदेशी गेले. सुपरवायझर उठून ओसरीवर गेले. मला आनंद झाला, तो मी लपवला नाही. पण सुनेचीही टाळी मी वाजवणार नाही. एकाला चोथा नको, दुसरीला चोथा हवा पण पातळ करून, आणि दोघांच्याही तोंडात देवानं दिलेले दात शाबूत. गाजर हातात धरून चावायला कोणाची बंदी आहे, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

१९ मार्च, पाडवा

जेवायला चंद्रावती वयनी, तिची मुलगी सेजल आणि जावई होते. पानं वाढायच्या आधी सुपरवायझर तबकात सात कोप घेऊन आले. कडुलिंब आणि कारल्याचा रस. पाडव्याला कडू खायचं असतं ना, म्हणून हा शोध. सेजलनं एक घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आणलं.

मग मी त्यांची नक्कल करून दाखवली. कंबरेवर हात, मान मागे, माल वर, रिजेक्शन भायर. जेवणारे ठसका लागेपर्यंत हसले. दादा गेल्यापासून वयनीला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. सुपरवायझरांनी सातही कोप गोळा करून आत नेले आणि माड बघायला म्हणून गेले. श्रीखंडाला परत आले नाहीत. तसंही त्यांना चालणार नव्हतं.

२२ मार्च

खाणीवरच्या जुन्या लोकांचा मोबाइलवर एक गट आहे. पूर्वी हे लोक टिपर चालवत, आता रोग बरे करतात. त्यातला सुदेश, जो शिरगावच्या खाणीवर माती वाहायचा, त्यानं लिहिलंय की खोडालाच लगडणाऱ्या त्या हिरव्या आंबटढाण बिंबलांचा रस रोज अनशापोटी घेतला तर साखर आणि चरबी दोन्ही वितळतात. पंधरा दिवसांत गुण.

सुपरवायझरांनी मला फार सहज विचारलं, बिंबलांचा रस केला तर कसा होईल. मी म्हटलं, माझी आई बिंबलांनी तांब्याची घागर घासायची. पोटाला कल्हई करून घ्यायची आहे का? सुंगटांच्या हुमणात, म्हणजे कोळंबीच्या कालवणात, आपण चार बिंबलं घालतो, फार तर पाच, आणि ती चौघांत वाटली जातात. तेवढ्यानंही तोंड वाकडं होतं. कोणी पिईल का ते?

ते म्हणाले, नाही, असंच विचारलं.

२४ मार्च

आज निकाल लावला. यंत्र खोक्यात भरलं, वर दोरी बांधली आणि सांगितलं, हे हरमलला नेऊन गौरेशच्या खोलीत ठेवा, पुढच्या गोऱ्या बाईच्या कामाला येईल. वाद होईल म्हणून मी कंबर कसून उभी होते. पण सुपरवायझरांनी निमूट खोकं स्कूटरच्या पुढ्यात ठेवलं आणि गेले. वीस मिनिटांत परत. हरमल इतकं जवळ कधी आलं कोण जाणे. गौरेश वाटेतच भेटला असणार.

तेहतीस वर्षं वर्ग सांभाळलाय. एकदा नीट झाडलं की मुलं सुधारतात, हे माझं मत पक्कं आहे.

२८ मार्च

आता नवीन खूळ. पंप. चहाच्या आधी उठून कुळागरात जातात आणि पंप लावतात, संध्याकाळी पुन्हा. आपल्या केळी गुडघाभर पाण्यात उभ्या आहेत. पोफळींना हात असते तर त्यांनी ते जोडले असते. विचारलं तर म्हणतात, ऊन फार आहे. पंपाच्या खोलीला आतून कडी घालून तासतासभर काय देखरेख चालते तेही कळत नाही. यंत्र गेलं ना घरातून, मग असो. बसू दे त्यांना पंपाजवळ. तिथे तरी त्यांचं ऐकणारं कोणी आहे.

३१ मार्च

दर वर्षी ह्या दिवसांत मी तीन सुपं बिंबलं मीठ लावून उन्हात टाकते. पावसाळ्यातल्या हुमणाला तीच लागतात. आज टोपली घेऊन झाडाखाली गेले तर खालच्या सगळ्या फांद्या साफ. खोडाला लगडलेले घोससुद्धा कोणी हातानं वेचावेत तसे गेलेले. जेमतेम एक सूप मिळालं, तेही शिडी लावून.

शेजारच्या देवेशच्या बायकोला कुंपणावरून ऐकवलं. ती म्हणाली, वयनी, आमच्या दारातच दोन झाडं आहेत, तुमची कशाला नेऊ? तोंड वर करून बोलते. सुपरवायझर ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. म्हणाले, "वाघळां आसतली."

वटवाघळं बिंबलं खातात हे मला नवीन. सुपरवायझरांचं निसर्गज्ञान खाणीतलंच.

३ एप्रिल

ह्यांना कालपासून उचकी. थांबते, पुन्हा लागते. मी म्हटलं, कोणी तरी आठवण काढतंय, तो सुदेशच असणार. साखर द्यायची तर ती चालत नाही, म्हणून पाणी दिलं. बांगडे तळले होते, ते वासानंच नको म्हणाले. बांगड्याला नको म्हणणारा हा माणूस मी लग्नानंतर प्रथमच पाहिला. नाटकं आहेत. मी यंत्र घालवलं त्याचा राग आता असा निघतोय.

५ एप्रिल

उचकी चालूच. आज भाकरी चावता येईना म्हणून भात मागितला. दात आंबलेत म्हणे. कुठे कैऱ्या खाल्ल्या विचारलं तर भात कालवत बसले. धुवायला टाकलेल्या बनियनवर हिरवट डाग होते. टॉवेल देताना अंगाला चक्क बिंबलांचा वास आला.

म्हणजे वाघळं ही. पोरांसारखे मीठ लावून बिंबलं खात असणार, कुंपणाआड उभं राहून. म्हातारपणी डोहाळे. मी मुद्दाम काही विचारलं नाही. सगळे जमतील तेव्हा काढीन. एवढी चांगली गोष्ट एकट्यात वाया कशाला घालवायची?

७ एप्रिल

एक गोष्ट मात्र चांगली झाली. पूर्वी रात्री तीन तीन वेळा उठायचे, प्रत्येक वेळी न्हाणीचं दार आपटायचे. चार दिवस झाले, एकदाही उठत नाहीत. दिवसासुद्धा फारसे जात नाहीत. साखर उतरली वाटतं. मला सलग झोप लागते.

तोंड जरा सुजल्यासारखं दिसतं आणि चप्पल पायात जात नाही, पण दुपारभर लोळत पडलं की कोणाचंही तोंड सुजेल. सुविधा मात्र आज हटून बसली, इस्पितळात न्या. औषधांच्या कंपनीतल्या लोकांना जिथे तिथे रोगच दिसतो. तिनं विचारलं, बाबा, तुम्ही अजून ज्यूस घेता का? ह्यांच्या आधी मीच उत्तर दिलं. म्हटलं, बाय, यंत्र हरमलला आहे, आणि ह्या घरात मी सांगते तेच होतं.

सुपरवायझर जमिनीकडे बघत होते. उचकी लागली म्हणून उठून गेले.

९ एप्रिल

सकाळी ओकारी झाली आणि पंपाच्या वाटेवर पडले. सुविधानं गाडी काढली. इस्पितळात आहोत. पुढे लिहवत नाही.

१० एप्रिल

दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ बंद आहेत. कारण कळत नाही.

डॉक्टर म्हणजे एक मुलगी आहे, सिद्धी नावाची. माझ्या हाताखालून गेलेल्या शेवटच्या वर्गाएवढी असेल. तिनं मला तीनदा विचारलं. कुठली मुळी, कुठला काढा, कुठला रस? आठवून सांगा, कारण कळलं तर उपाय सरळ आहे, नाही तर सुई घालून तुकडा काढून बघावा लागेल, आणि दिवस जातील. मी तीनदा सांगितलं, काही नाही, सगळं मी बंद केलं. मला रागही आला, मी शिक्षिका आहे, खोटं कशाला सांगेन? हे खाटेवर होते, पण शुद्ध अशी नव्हती. उचकीनं सगळं अंग हलत होतं.

बाहेर आल्यावर मी गौरेशवर चिडले. म्हटलं, तूच ते यंत्र आणलंस, तिथून हे सगळं सुरू झालं. बरं झालं मी ते तुझ्याकडे परत पाठवलं.

तो म्हणाला, "आई, मशीन माझेकडे येवकच नाय."

११ एप्रिल

काल दुपारीच गौरेशबरोबर घरी गेले. कपडे आणायचे असं त्याला सांगितलं. कपड्यांकडे न जाता कुळागरात गेले.

पंपाच्या खोलीत पोत्याखाली यंत्र होतं. धुतलेलं, पुसलेलं, वायर नीट गुंडाळलेली. बाजूला काचेचा कोप पालथा. पंपाच्या प्लगमध्येच दुसरी पिन घालायची सोय केलेली. पंप लावला की त्याच्या आवाजात यंत्राचा आवाज झाकला जाणार.

खोलीमागे चोथा होता. कुठेही फेकलेला नव्हता. पायऱ्या पाडून रचलेला, वरून झावळांनी झाकलेला, आणि पाणी आत शिरू नये म्हणून भोवती चर खणलेला. खाणीवर डंप असाच करतात, हे त्यांनी मला लग्नाच्या पहिल्या वर्षी डिचोलीला नेऊन दाखवलं होतं. झावळ उचलली आणि बिंबलांचा वास आला. वर पोपटी, खाली काळं पडलेलं. माझ्या गुडघ्याएवढा ढीग. माझी दोन सुपं तिथे होती, आणि आणखी किती तरी.

मी तिथेच बसले. गौरेश हाक मारत होता.

इस्पितळात येऊन डॉक्टरला सांगितलं. तिचा चेहरा एकदम बदलला. खुर्ची ओढून समोर बसली. कधीपासून? उचकी कोणत्या दिवशी? लघवी कधी कमी झाली? सूज कधी? नक्की तारखा हव्यात, अंदाज नको. गौरेश आणि सुविधा एकमेकांकडे बघू लागले. त्यांना काही आठवेना. तारखा माझ्या पिशवीत होत्या.

मी ही वही काढली आणि वाचून दाखवली. आधी नुसत्या तारखा सांगत होते, पण ती म्हणाली, लिहिलंय तसंच वाचा, काही सुटायला नको. मग वाचलं. कोणी तरी आठवण काढतंय, तो सुदेशच असणार. नाटकं आहेत. म्हातारपणी डोहाळे. अंगाला बिंबलांचा वास आला, मी मुद्दाम विचारलं नाही. तीन वेळा उठायचे ते आता उठत नाहीत, मला सलग झोप लागते.

इथे मी थांबले. सुविधानं माझ्या हातातून वही घेतली आणि पुढचं तिनं वाचलं. औषधांच्या कंपनीतल्या लोकांना जिथे तिथे रोगच दिसतो, हेही तिनंच वाचलं, न थांबता.

डॉक्टरनं तारखा उतरून घेतल्या आणि बाकीचं ऐकूच आलं नाही असं दाखवलं. जाताना म्हणाली, बरं झालं तुम्ही लिहून ठेवलं होतं, आता आम्हाला दुसरीकडे शोधत बसावं लागणार नाही. ती चांगुलपणानं बोलली. मला लाज वाटली. मी लिहून ठेवलं होतं ते पुढे हसायला म्हणून.

१४ एप्रिल

रक्त यंत्रानं धुतात. आज तिसऱ्यांदा. हाताला नळ्या, एकीतून बाहेर, दुसरीतून आत. ह्यांना शुद्ध असती तर समजावून सांगितलं असतं, प्लांट कसा चालतो ते.

डॉक्टरनं मला सगळं सोपं करून सांगितलं. बिंबलांच्या आंबटपणात एक क्षार असतो. हुमणात चार घातली तर शरीर तो बाहेर टाकतं. पण चावून कोणी चाळीस बिंबलं खाऊ शकत नाही, जीभच नको म्हणते. रस काढला की चाळीस एका कोपात मावतात, आणि तेही रिकाम्या पोटी. मग तो क्षार मूत्रपिंडात खड्यांसारखा जाऊन बसतो. मी विचारलं, सुनेसारखं अख्खं घुसळून घेतलं असतं तर? ती म्हणाली, बिंबलांच्या बाबतीत तेही तसंच झालं असतं, मावशी. प्रश्न किती मावतं ह्याचा आहे.

म्हणजे दोघांच्या वादात शेवटी माझंच खरं ठरलं. चावून खा, असं मी बारा मार्चला लिहिलंय. असं खरं ठरण्याला आग लागो.

सुदेशचा निरोप आला होता, हात जोडलेली सहा चित्रं. मी ह्यांच्या मोबाइलवरून त्याला उत्तर दिलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण पाठवून झाल्यावर वाटलं, सुदेशनं बिंबलं सांगितली. पंपाच्या खोलीला आतून कडी घालायला त्यानं सांगितलं नव्हतं. ती मी लावायला लावली.

१७ एप्रिल

काल थोडी लघवी झाली. डॉक्टरनं बाटली उजेडात धरून मला दाखवली आणि हसली. इतक्या वर्षांत कशाचं एवढं कौतुक वाटलं नव्हतं.

आज हे बोलले. पहिलं काय बोलावं? पंप बंद केला का. केळी कुजतील म्हणाले. मी म्हटलं, केला. मग विचारलं, किती प्यायलात? तर आकडा तयार. सकाळी तीस बिंबलं, संध्याकाळी तीस, पंचवीस मार्चपासून, आणि मधले दोन दिवस वीसच, कारण वरच्या फांदीला हात पोचला नाही.

माझ्या तोंडावर आलं होतं. सवयच ती. पण गिळलं, आणि विचारलं, मला एका शब्दानं सांगितलं का नाही?

"तू हसतलंस," म्हणाले.

मी चादर सारखी केली. पंख्याकडे बघत ते पुढे म्हणाले, "पंधरा दिसांनी तपासून घेतलंय आसतंय. साखर उतारली आसती काय मागीर सांगलंय आसतंय. तूच सांगलंस नाय, वयनीन केल्यान तसा मी करूचंय नाय म्हणान. तुका करूक लागू नये म्हणान."

आवाजात राग नव्हता. मी एक सूचना दिली होती आणि त्यांनी ती अंमलात आणली, एवढंच. रिक्षात बसून मी हसले होते, आणि हा माणूस तेव्हापासून माझ्या त्या वाक्यावर काम करत होता. एक पाय वाचवायला, म्हणजे माझे हात वाचवायला.

मी पाणी आणते म्हणून बाहेर गेले आणि जिन्यात रडले. एक बाई विचारायला लागली कोण गेलं. मी म्हटलं, कोणी नाही.

२५ एप्रिल

घरी आणलं. रक्त धुणं आता थांबवलंय, मूत्रपिंडं हळूहळू जागी होतायत. पूर्वीसारखी होतील का, ते दोन महिन्यांनी कळेल. सूज आहे. उठून न्हाणीपर्यंत जाता येत नाही.

संध्याकाळी भांडं हवं होतं तर मला सांगेनात. गौरेशला बोलाव म्हणाले. गौरेश हरमलला गेला होता. मग म्हणाले, राहू दे, थांबतो. मी भांडं घेऊन आले आणि पांघरूण बाजूला केलं. त्यांनी दोन्ही हातांनी लुंगी घट्ट धरली.

मी म्हटलं, "हात काडा. रिक्षेत मी मस्करी केलंलंय."

थोडा वेळ तसेच धरून होते. मग हात काढले. पुसून झाल्यावर मी पायांना तेल लावलं. पाय दोन आहेत, आणि दोन्ही जड आहेत. तक्रार करण्याएवढे जड आहेत, पण आज केली नाही.

चंद्रावती वयनी पेज घेऊन आली होती. दारातून बघत होती. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गेली.

२८ एप्रिल

डॉक्टरनं सांगितलंय, किती पाणी पोटात गेलं आणि किती बाहेर आलं, ते रोज लिहून ठेवायचं. दिवसाचं पाणी ठरलेलं, त्यावर एक घोटही नाही. वेगळी वही आणायला हवी होती, पण पेडण्याला कोण जाणार? ह्याच वहीत लिहिते. तशीही इथे दुसरं काही लिहायची हौस उरलेली नाही. सुविधानं मापाचं भांडं आणून दिलं आणि रेघा कशा वाचायच्या ते मला शिकवलं. मी गुमान शिकले. तिचं ब्लेंडर चटणीला बरं चालतं, हेही तिला सांगून टाकलं. ती बघतच राहिली.

सकाळी सहा. पाणी, अर्धा कोप.

साडेसात. बाहेर, दीडशे.

नऊ. पेज, एक वाटी. पाण्यात धरायची.

सव्वादहा. बाहेर, एकशे चाळीस. भांडं खिडकीशी उजेडात धरून वाचत होते तर खाटेवरून आवाज आला. माप असं हातात धरून वाचत नाहीत, मेजावर ठेवून, डोळा रेघेच्या बरोबरीला आणून वाचतात. मी भांडं त्यांच्या खाटेशेजारच्या मेजावर ठेवलं आणि वाकून बघितलं.

"एकशें साठ," ते म्हणाले.

एकशे साठच होतं. खोडून तसं लिहिलं.